अकरा दिवसांचे आकडे

गया, त्या दिवशी दुपारी तू माझ्या पायाची नखं कापलीस. आपण दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम.

मला वाकता येत नाही, म्हणून दोन वर्षं झाली, हे तुझ्याकडंच होतं. दवाखान्यातून येऊन तुला तीन आठवडे झाले होते. मी म्हणालो, राहू दे, रविवारी आपला मिलिंद कापील. ऐकशील तर तू कसली. मला ओट्यावर बसवलंस, कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायला लावलेस आणि ब्लेडचं अर्धं पातं घेऊन पायाशी बसलीस.

"अवं, ह्यो अंगठा हाय का बैलाचा खूर?"

"खूर तर खूर. तू काप."

"मंग नाल पन मारून देते."

हसलीस. हसताना खोकला आला, तो जाईपर्यंत पातं बाजूला धरून थांबलीस. उजवा पाय झाला, डावा घेतलास आणि मान वर न करता विचारलंस, "सांगितलं का सुजाताला?"

रोज विचारायचीस. कधी भाकरी वाढताना, कधी नुसतीच माझ्याकडं बघून. मी रोज म्हणायचो, सांगतो. त्या दिवशी ऊन लागत होतं, पाय अवघडला होता, आणि माझं तोंड कसं आहे ते तुला ठाऊक. मी म्हणालो, "तू मेल्यावर सांगतो."

राहिलेली बोटं केलीस. नखं कागदात गोळा केलीस. घमेल्यातलं पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतलंस आणि "पडते जरा" म्हणून आत गेलीस. चारला मी चहा ठेवला. तुला हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा आत आलो तेव्हा कळलं.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मग सगळे एकेक करून बोलले. माझ्या हातात माईक दिला तेव्हा मी म्हणालो, "लई चांगली हुती," आणि खाली बसलो. जे बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून लिहितोय. चौथी पास माणूस. लिहायला बसल्यापासून तीनदा उठलो. एकदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो, एकदा म्हशीला उगीच पाणी दाखवलं, एकदा नुसताच उभा राहिलो. एका जागी बसवत नाही, गया. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तू जिवंत असताना मला पहिल्यापासून कधी बोलताच आलं नाही, मधूनच भांडायचो.

सुजाता सून म्हणून घरात आली तेव्हाच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती. मी त्याच कारखान्याच्या यार्डातून निवृत्त झालेलो. उसाचा रस काढून राहिलेला चोथा, त्याचे डोंगराएवढे ढीग, त्यावर पाणी मारायचं, ढकलायचं, बॉयलरला द्यायचं, यात माझी तीस वर्षं गेली. आम्ही त्याला बगॅस म्हणायचो. तू शेवटपर्यंत चोथाच म्हणालीस. सून आमच्या यार्डातल्या माणसांना टोपी घालायला शिकवणार, सुरक्षेची पिवळी टोपी, यावरून मी पहिल्या वर्षी बरंच तोंड वाजवलं. पण खरं भांडण ती जेवताना म्हणाली त्या दिवसापासून.

"मामा, मी फायरचं एम.टेक. करायचं म्हणते."

"फायरचं म्हंजी आगीचं?"

"आगीपासून वाचायचं. नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. शनिवार-रविवार पुण्याला जायचं, आणि आठवड्यात दोन दिवस संध्याकाळी मोबाईलवर वर्ग."

"आग लागली की पानी मारायचं. त्येला एवढी वर्सं कशाला?"

तू चुलीवरून वळूनसुद्धा बघितलं नाहीस. भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुमी तीस वर्सं पानी मारलं. ढीग पेटायचे थांबले का?"

मिलिंदला ठसका लागला. मी ताटातली भाकरी मोडत बसलो.

मग ती शनिवारी पहाटेच्या एसटीनं जायला लागली आणि रविवारी दिवेलागणीला यायला लागली. मोबाईलचे वर्ग पाण्याच्या टाकीपाशी, कारण गावात रेंज तिथंच. तू डाळ निवडायचं सूप घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसायचीस. पलीकडून कोणी साहेब इंग्रजीत बोलतोय, सुजाता वहीत लिहितेय, आणि तू खडे काढतेस. मी विचारलं, तुला काय कळतं गं त्यातलं? म्हणालीस, "कळत न्हाई. पर पोरीला एकटीला बसलेली बघून टवाळ उभी ऱ्हात्यात."

नंतर मात्र कळायला लागलं तुला. पारनेरला तुझ्या भाचीचं लग्न होतं. मंगल कार्यालयात पाय ठेवल्या ठेवल्या तू मॅनेजरला गाठलंस. "दुसरं दार कुठं हाय?" त्यानं दाखवलं तर दारापुढं खुर्च्यांची चवड छताला लागलेली. तू नवऱ्या मुलाच्या चुलत्यांना त्या खुर्च्या हलवायला लावल्यास. वरमाय तणतणत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि तू घरी येऊन सुजाताला काय सांगितलंस? "शिंगनापूरला दारंच न्हाईत बग, तितं कुनाला सुटायची पंचाईत न्हाई." सुजातानं ते तिच्या वर्गात सांगितलं. पुण्याचे साहेब हसले म्हणे. त्या दिवशी तू दोन वेळा केस विंचरलेस.

दिवाळीनंतर ढीग आला. तिला प्रबंध करायचा होता. बगॅसचा ढीग आपोआप आतून कसा तापतो, किती दिवसांत, किती खोल. कारखान्यात एक ढीग चार महिने जागेवर कोण ठेवणार, तिथं रोजचा माल रोज बॉयलरला जातो. म्हणून तिनं परवानगी काढून दोन ट्रॉल्या आपल्या घरामागं टाकल्या, दाबून ढीग केला, पुरुषभर उंच. त्यात तीन तारा खुपसल्या. लाल तार हातभर आत, पिवळी दोन हात, निळी पार मधोमध. तारा मीटरला लावल्या की आत किती ऊन आहे, म्हणजे किती तापलंय, त्याचे आकडे येतात. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, रोज. सुजाता ड्युटीवर, म्हणून काम तुझ्याकडं आलं.

दोनशे पानी वही होती. तू आकडे काढायचीस ते मुलं रांगोळीचे ठिपके काढतात तसे, एकाखाली एक. आणि आकड्यांपुढं तुला वाटेल ते लिहायचीस. "वारा." "ढग." "कुत्रं वर निजलेलं." "कुत्रं आज खालच्या अंगाला." मी खिदळलो, म्हणालो, सुनेच्या एम.टेक.मध्ये कुत्रं घालतेस? सुजातानं ती वही बघून तुला मिठी मारली. म्हणाली, आत्या, हे तर मला सुचलंच नव्हतं, थंडीत कुत्रं बरोबर गरम जागा शोधतं. त्या दिवसापासून तू मला विचारायचंच सोडून दिलंस.

मला राग त्याचाच आला होता. आता सांगायला काय लाज. तीस वर्षं मी ढिगात राहिलो. लांब सळई घ्यायची, ढिगात घालायची, पाच मिनिटं ठेवायची, उपसायची आणि हातानं चाचपायची. कुठं ऊन, किती ऊन, सगळं हात सांगतो. यार्डात माझ्या हाताला मान होता. मुकादम म्हणायचे, आबाला बोलवा. आणि माझ्या घरामागं ढीग उभा राहिला तर माझ्या सुनेनं एकदा विचारलं नाही की मामा, तुम्हाला काय वाटतं.

आणि तू? तू तर कशी विचारशील. तुझ्या भावाचे पाय तुझ्या डोळ्यांपुढं होते.

नामदेवचं आपण कधी बोललो नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि ते मधोमध तसंच ठेवलं. आज लिहितो. त्या दिवशी ढिगातून वास येत होता. मी सळई घातली, उपसली, चाचपली आणि म्हणालो, गार हाय, चढ. नामदेव माझा मेहुणा, मी चढ म्हणालो की चढणारच. मधोमध गेला आणि गुडघ्यापर्यंत आत. वरून गार, आतून सगळं जळून पोकळ झालेलं. त्याच्या ओरडण्याचा आवाज मला अजून येतो, भरदिवसा येतो. साहेबांनी विचारलं, याला वर कोणी पाठवलं? मी म्हणालो, आपल्या मनानं चढला. नामदेव दवाखान्यात होता, त्याला कोणी विचारलं नाही. नंतर त्यानंही कोणाला सांगितलं नाही. फक्त तुला सांगितलं. तू महिनाभर ताट माझ्यापुढं सरकवायचीस आणि उठून जायचीस. मग एक दिवस बोलायला लागलीस, कोथिंबिरीबद्दल. मला वाटलं, मिटलं.

मग सुजातानं प्रबंधासाठी ढिगावर पाणी मारलं, आणि दुसऱ्याच दिवशी तुझी छाती भरली. सुजातानं रजा टाकली आणि तुझ्याबरोबर नगरच्या दवाखान्यात राहिली. मिलिंद सुप्याच्या कंपनीतून सुटला की तिकडंच जायचा. घरी मी, म्हैस आणि ढीग. गाडीत बसताना तुला धाप लागली होती, तरी तू काच खाली करून म्हणालीस, "सात आन पाच. इसरू नका."

त्याच संध्याकाळी मीटर बंद पडलं. बटन दाबलं, काही नाही. दाबत राहिलो, काही नाही. सेल संपले होते, एवढंच. नवे सेल फळीवरच्या डब्यात होते, तू मला दाखवूनही ठेवले होतेस. मी ऐकलंच नव्हतं.

सुजाताचा फोन आला. "मामा, आत्यांना ऑक्सिजन लावलाय. तुम्ही काळजी करू नका. आकडे घेताय ना?" मी म्हणालो, घेतोय. तिला कशाला त्रास, असं मी मनाला सांगितलं. खोटं आहे ते. खरं सांगू का, गया? मीटर बंद पडलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता बघू ढीग कोणाला कळतो. गोठ्यातली जुनी सळई काढली, खुपसली, पाच मिनिटं मोजली, चाचपली. आदल्या दिवसाचा आकडा वहीत होताच. जरा जास्त ऊन वाटलं, एक वाढवून लिहिला. दुसऱ्या दिवशी तेवढाच वाटला, तेवढाच लिहिला. अकरा दिवस. वर तू फोनवर विचारलंस तर म्हणालो, तुझ्यापेक्षा बरं अक्षर काढतोय.

तू आलीस ती चप्पल न काढता ढिगाकडं गेलीस. मिलिंद म्हणतोय, आई आधी बस, आणि तू भिंतीला धरत धरत मागं. मीटर उचललंस, बटन दाबलंस.

"हे कवा बंद पडलं?"

"आत्ताच. सकाळी चालू हुतं."

आत गेलीस, सेल आणलेस, घातलेस. वहीत निळ्या तारेचा आकडा सत्तेचाळीस होता, माझा. मीटरवर एकसष्ट आला. तू एकदा मीटरकडं बघितलंस, एकदा वहीकडं. पानं मागं उलटलीस, परत पुढं आणलीस.

"अकरा दिस कुत्रं कुठं गेल्तं?"

मी सळई पायानं भिंतीकडं सरकवली.

"परत हातच का?" एवढंच म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. त्याच्या खाली तू स्वतःच्या अक्षरात एकसष्ट लिहिलंस आणि पुढं लिहिलंस, "कुत्रं माथ्यावर."

तिथंच सांगून टाकलं असतं तर काहीच नव्हतं. पण आठवड्यानं सुजाता रविवारची पुण्याहून आली ती नाचतच. सत्तेचाळीस आणि दुसऱ्या ओळीत एकसष्ट, ती उडी तिला सापडली होती. तिच्या साहेबांनाही पटलं होतं. म्हणाली, "मामा, पाणी मारलेला ढीग दहा-अकरा दिवस शांत बसतो आणि मग एकदम उसळतो. हे कोणी असं मोजलेलंच नाही. माझं चौथं प्रकरण यावरच आहे. कारखानाही यावरून नियम करणार आहे, दहा दिवसांपर्यंत माणूस वर चढवायला हरकत नाही, त्यानंतर बंद."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. ढीग शांत बसला नव्हता, गया. तो रोज चढत होता, मधोमध, जिथं माझी सळई पोचतच नव्हती. शांत मी बसवला होता. आणि त्या शांतपणावर उद्या पोरं चढणार.

ती आत गेल्यावर म्हणालीस, "ऐकलं ना? आता सांगा."

"तूच सांग की. तुझी लाडकी हाय."

"मी सांगितलं तर चुगली हुईल. मागच्या टायमाला पन दुसऱ्याच्याच तोंडून आलं हुतं. ह्या टायमाला तुमच्या तोंडून येऊ द्या."

"तिचं साल जाईल."

"जाऊ द्या. पाय तरी जायाचे न्हाईत कुनाचे."

आणि मग ते रोजचं सुरू झालं. सांगितलं का. सांगतो. सांगितलं का. मी तुझ्यावर चिडायचो, म्हणायचो दवाखान्यातून आलीस ती पोलीस होऊन आलीस. तू हसायचीस. तुला वेळ कमी आहे हे तुला कळलं होतं का? मला उगीच वाटत राहतं, कळलं होतं. नाहीतर एवढी घाई तू कशाचीच करत नव्हतीस, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडीसुद्धा तुझ्यासाठी थांबायची.

काल शाळेतले गुरुजी बोलले, बचत गटाच्या बायका बोलल्या. मग सुजाता उभी राहिली. पांढरी साडी, हातात ती वही. म्हणाली, "आत्यांनी एकही दिवस चुकवला नाही. दवाखान्यात गेल्या तर मामांना बसवून गेल्या. यात फक्त एक जागा मोकळी आहे. त्या गेल्या, त्या संध्याकाळी पाचची. ती मी मोकळीच ठेवणार आहे. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आत्यांचं नाव आहे."

बायका रडायला लागल्या. नामदेव काठी टेकून माझ्याशेजारीच बसला होता. माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, बोला की दोन शब्द." त्याचा हात मांडीवर, माईक हातात, पुढं तुझा फोटो, आणि सुजाता माझ्याकडं बघतेय. मी काय बोलणार? तिथं खरं बोलायची माझी छाती नव्हती. म्हटलं ना, लई चांगली हुती. खोटं तेही नव्हतं.

गया, रात्र कशी गेली ते सोड. आज सकाळी उजाडल्यावर सुजाता ड्युटीचे कपडे घालून, मीटर घेऊन मागच्या दारानं निघाली होती. आठ दिवसांच्या रजेनंतर पहिला दिवस तिचा.

"सुजाता, थांब जरा. सांगायचंय."

"सात वाजतील मामा, आकडा घेऊन येते."

"आकड्याचंच हाय."

ती बसली. मला बसवेना, उभ्यानंच सांगितलं. मीटर, सेल, सळई, हात, सगळं. मध्ये कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं. तिनं उठून लॅपटॉप आणला, उघडला, एक रेघ दाखवली. आधी वरखाली, मग सपाट, मग एकदम वर.

"हे?"

"व्हय."

"हे सपाट आहे ते सगळं?"

"सगळं."

"एकही आकडा मीटरचा नाही?"

"एक पन न्हाई."

तिनं बोट ठेवून ती सपाट रेघ पुसली. मधे नुसती पांढरी जागा राहिली. मग म्हणाली, "चौथं प्रकरण गेलं." लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "आत्यांना माहीत होतं?"

इथं मला तुला बाजूला ठेवता आलं असतं. तोंडावर आलं होतं, न्हाई म्हणावं. तिच्या मनात तू जशी आहेस तशी राहू द्यावी. पण मग ते अजून एक झालं असतं माझ्या हातचं.

"आल्या दिवशीच ओळखलं तिनं. रोज म्हनायची, सांगा. मीच सांगितलं न्हाई."

तिचे डोळे भरले ते तेव्हा. "मग काल तुम्ही मला सगळ्यांसमोर बोलू दिलंत, मामा."

मी तिचा चहा ओतून ठेवला.

ती टाकीपाशी गेली, पुण्याच्या साहेबांना फोन लावायला. मी ओट्यावरून बघत होतो. पाठमोरी होती. एकदा खाली बसली, परत उठली, फेऱ्या मारत राहिली. मला वाटलं, तू असतीस तर सूप घेऊन गेली असतीस. माझ्या हातात सूप शोभत नाही, आणि मी गेलो असतो तर ती उठून दुसरीकडं गेली असती. परत आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता, ऑफिसातल्यासारखा.

"सर म्हणाले, प्रबंध आत्ता देऊ नका. पुढच्या सत्राला द्या."

"म्हंजी?"

"म्हणजे सहा महिने. ढिगावर परत पाणी मारायचं आणि पहिल्यापासून मोजायचं. आणि हे अकरा दिवस का नाहीत ते लिहावं लागेल. कोणी लिहिले, कसे लिहिले."

"माझं नाव घाल."

"घालणारच आहे."

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. बरं वाटलं मला, खरंच. इतकी वर्षं मामा मामा करत अंग चोरून बोलायची. मी विचारलं, "कारखान्याचं काय? नियम?"

"आज गेल्या गेल्या सांगते. तोपर्यंत कोणी वर चढायचं नाही."

"आन पहिलं पान? तिचं नाव?"

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मीच खाली बघितलं. "आत्यांनी काय खोटं लिहिलंय?"

चहा तसाच ठेवला. हेल्मेट घातलं, स्कूटी काढली, आणि फाटकातून परत फिरली. मला वाटलं काहीतरी राहिलं असेल बोलायचं. तिनं मीटर माझ्या हातात दिलं. "मला उशीर झालाय. आकडे तुम्ही घ्या," म्हणाली आणि गेली.

गया, नामदेवचं अजून राहिलंय. तो काल संध्याकाळीच त्याच्या गावी गेला. त्याच्याकडं जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. जाईन. तू विचारायला नाहीस म्हणून पुढं ढकलीन असं मला माझंच भय वाटतंय, म्हणून इथं लिहून ठेवतो.

ती गेल्यावर मी मागं गेलो. तारा लावल्या, लाल, पिवळी, निळी. बटन दाबलं, आकडे स्थिर होईपर्यंत थांबलो, मग एकेक करून वहीत उतरवले, तुझ्या आणि सुजाताच्या या आठ दिवसांच्या आकड्यांच्या खाली. सकाळच्या वेळेच्या रकान्यात तू ओळीनं सात, सात, सात लिहिलंयस. मीही सातच लिहायला लागलो होतो. मग घरात जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून आलो आणि पावणेआठ लिहिलं.